मनशिळेला उजेड चालत नाही

लाल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच नाही, असं बाबा म्हणायचे. टोमॅटो चिरताना म्हणायचे. दादाने हौसेने लाल शर्ट आणला तेव्हा तर जेवण संपेपर्यंत म्हणत राहिले.

०

दारावरची पाटी : आत उजेड आणू नये.
खाली कोणीतरी पेनने लिहिलंय : मग काय आणू?

०

आर्सेनिकचे चार अणू, गंधकाचे चार. आठही जण एकमेकांचे हात धरून पिंजरा करून बसलेले. अशा अब्जावधी पिंजऱ्यांची चळत म्हणजे मनशीळ या लाल खनिजाची एक चिमूट.

०

पुस्तकं हाताने लिहीत त्या काळी अक्षर चुकलं की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि वर नवं अक्षर लिहीत. हरताळ म्हणजेही आर्सेनिक आणि गंधकच, फक्त दोनास तीन या हिशेबात. एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याने हरताळ फासला असं आपण म्हणतो, ते तिथून आलं.

०

"काचबिंदूत जे गेलं ते गेलं," डोळ्यांचे डॉक्टर आईला म्हणाले. "जे उरलंय ते राखायचं."
"राखते की," आई म्हणाली. "पण काय बघायला, तेवढं सांगा."

०

संग्रहालयातली फोटो धुण्याची खोली बंद झाली तेव्हा तिथला लाल दिवा कोणी टाकून दिला नाही. आमच्याकडे कोणीच काही टाकून देत नाही.

०

संचालकांना मधल्या चौथऱ्यावर काहीतरी लाल हवं आहे.

०

हे सगळे तुकडे एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर येऊन पडले, आणि ते जुळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे काही येतच नाही.

मी संग्रहालयात खनिजांचा साठा सांभाळते. लोक म्हणतात, दगड सांभाळायला काय लागतं, ते काय पळून जाणार आहेत? जातात. काही क्षार दमट हवेत पाझरून पाणी होतात. लोखंड आणि गंधकाचं ते सोन्यासारखं चमकणारं खनिज आंबतं आणि खालचा पुठ्ठा जाळून टाकतं. चांदीच्या खनिजांची तोंडं काळवंडतात. दगडांइतकी नाजूक प्रकृतीची मंडळी मी माणसांतही पाहिली नाहीत. आणि या सगळ्या कुरकुऱ्या गोतावळ्यात सर्वांत नखरेल ती मनशीळ. हिला उजेडच चालत नाही.

आमच्या मनशिळेचा एकच मोठा दगड आहे. मुठीपेक्षा थोडा मोठा. तो माझ्या बाबांनी खाणीतून काढला. बाबा तिथे मुकादम होते. आता ती खाण बंद आहे आणि पाण्याने भरली आहे. सापडल्याबरोबर त्यांनी अंगातला शर्ट काढून दगड त्यात गुंडाळला आणि उघड्या अंगाने वर आले, ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ती मी झोपेतही सांगेन. "तुझ्यासाठी काढलाय," असं त्यांनी आईला सांगितलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात तो तसाच गुंडाळलेला संग्रहालयाला देऊन आले.

आईने तो पाहिलाच नाही.

चाळीस वर्षं झाली. बाबा गेले त्यालाही आता सात होतील. आई अजून तेच म्हणते, "माझ्यासाठी काढला आणि लोकांना वाटला. कर्णाचा अवतार!"

मी इथे नोकरीला लागले तेव्हा तिला वाटलं, आता काय, मुलगीच किल्लीवाली. मी तिला अकरा वर्षं नियम सांगितले. दर वेळी ती म्हणायची, "तुझ्या बापाने नियम सांगितले, आता तू सांग."

०

संचालक नवे आहेत. मोठं दालन नव्याने उघडायचं आहे. निमंत्रणपत्रिका छापून झाली आहे, आणि तिच्यावर लाल दगडाचं चित्र आहे. चित्रकाराने ते मनानेच काढलंय, कारण खरा दगड त्याला मी दाखवला नाही.

"मॅडम, दगड चौथऱ्यावर कधी येतोय?"

"येत नाहीये, साहेब."

"असं कसं? पत्रिकेवर आहे."

"पत्रिकेवर राहू दे. तिथे त्याला धोका नाही."

संचालकांनी खुर्ची ओढली. म्हणजे आता मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. आधीच्या दोन संचालकांनाही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझा हात भरून आला आहे.

"आर्सेनिकचे चार अणू आणि गंधकाचे चार," मी सुरुवात केली. "त्यांचा पिंजरा. त्याच्यावर उजेड पडला की एक हात सुटतो. हवेतला ऑक्सिजन तिथे नाक खुपसतो. या भानगडीत गंधकाचा एक अणू मोकळा होतो आणि शेजारच्या पिंजऱ्यात घुसतो. आता तिथे गंधकाचे पाच झाले. पाचांचं जमत नाही, म्हणून एकाला बाहेर काढतात. पण आत राहिलेले चार आणि चार आता वेगळ्या पद्धतीने बसतात. बाहेर काढलेला पुढच्या घरी जातो."

"चहाडखोर," संचालक म्हणाले.

"अगदी. एकदा हे सुरू झालं की नंतर अंधारातही काही काळ चालू राहतं. घरातली माणसं तीच, संख्या तीच, फक्त कोणी कोणाचा हात धरायचा ते बदललं. आणि तेवढ्यानं लाल खडा पिवळी भुकटी होतो."

"म्हणजे त्याचा हरताळ होतो ना? आम्हाला शाळेत होतं."

"नाही. सगळ्यांना तसंच वाटायचं. जुन्या पुस्तकांतही तसंच लिहिलंय. पण हरताळात दोनास तीन, इथे चारास चारच राहतात. ही मनशिळेचीच सावत्र बहीण आहे."

"बरं. पण एकदम नाही ना होत? उद्घाटनाच्या दिवशी तरी लाल असेल?"

"असेल."

"मग?"



"साहेब, तुमच्या दालनातल्या दिव्यांत तो थोड्या दिवसांतच मलूल दिसायला लागेल. पुढे कडा गळतील. आणि जे गळेल ते झाडूने काढता येणार नाही, ते आर्सेनिक आहे."

"काचेची पेटी करू."

"काचेतून उजेड जातो, साहेब. तिचा शोधच त्यासाठी लागला."

ते उठले. दारातून म्हणाले, "तुम्ही फार नकारात्मक आहात, मॅडम." आणि पाटीखालची ती पेनने लिहिलेली ओळ वाचून हसत गेले. ती त्यांनीच लिहिली असावी असा मला तेव्हापासून संशय आहे.

०

दगड बघायची आमची रीत अशी.

आधी बाहेरचं दार लावायचं, मग आतलं. मग लाल दिवा लावायचा. खण ओढायचा. दगड पाळण्यासारख्या खोलगट ताटलीत आहे, ताटलीसकट काट्यावर ठेवायचा. वजन बघायचं. रंग बघायचा. खण बंद. दर वर्षी एकदा.

ही रीत आमच्या जुन्या सरांनी घालून दिली. माझ्या आधी ते इथे होते. गडद लाल उजेडाने मनशिळेचं काही बिघडत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते बरोबर आहे. बिघडवतो तो हिरवा, पिवळा आणि नारिंगी उजेड. त्यामुळे फोटोवाल्यांचा दिवा खाली आला तेव्हा सरांना घबाड मिळाल्यासारखं झालं. मग काय, शाळा आल्या, पाहुणे आले, कोणाचे जावई आले. सर सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत न्यायचे आणि लाल दिव्याखाली अर्धा-अर्धा तास मनशीळ समजावून सांगायचे. त्यांना बोलायची फार आवड.

वजन दर वर्षी तेवढंच भरायचं, आणि दगड दर वर्षी लाल दिसायचा.

०

आई न कळवता आली. दादाच्या गाडीने आली, त्याला फाटकाबाहेर थांबवलं, आणि भिंतीला हात लावत लावत दोन जिने उतरून माझ्या दारात उभी राहिली. काचबिंदूने तिची कडेची नजर खाल्ली आहे. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. त्यामुळे ती माणसाकडे बघताना कोंबडीसारखी मान हलवते आणि मग एकदम नेमकी डोळ्यांत बघते. त्या नजरेसमोर खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं, तेव्हा तर तिला सगळीकडचंच दिसायचं.

"आई! एकटी? पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते तर इथेच ठेवलं असतंस खणात. दाखवतेस का आता?"

"आई, मी तुला किती वेळा—"

"डॉक्टरने नवे थेंब दिलेत. म्हणाला, बघू. डॉक्टर बघू म्हणाला की आपलं बघणं उरकून घ्यावं. दाखव."

वरच्या मजल्यावर संचालकांचा वायरमन चौथऱ्यासाठी ड्रिल मारत होता. छतातून बारीक चुना माझ्या टेबलावर पडत होता. मी दगड चौथऱ्यावर देणार नाही असं तीनदा सांगितल्यावरही चौथऱ्याला भोकं पडत होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण माझ्याकडे विहिरीला वरून भोकही होतं.

"चल," मी म्हणाले. "पण लाल दिव्यात. वेगळा दिवा मिळणार नाही. आणि बोलायचं नाही."

"बोलल्याने पण पिवळा होतो?"

"आई!"

बाहेरचं दार. आतलं दार. दिवा. स्टुलावर आईला बसवलं आणि ताटली काढून तिच्या नाकासमोर धरली. तिने मान इकडे केली, तिकडे केली, दगड नळीत पकडला. मला वाटलं, झालं एकदाचं. चाळीस वर्षांची कटकट संपली.

"ह्यात लाल काय आहे?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? दिसत नाही का लाल?"

"दिसतो की. तू पण लाल दिसतेस. हा बघ माझा रुमाल." तिने कमरेचा पांढरा रुमाल काढून दगडाशेजारी अंथरला. "हा काय रंगाचा? घरून आणला तेव्हा पांढरा होता."

"अगं, दिवाच लाल आहे, त्यात सगळंच लाल दिसणार! तेच तर मी तुला—"

"मग मी घरात रुमाल बघत बसले असते. दोन जिने कशाला उतरले?"

मी उत्तर देणार होते. तोंड उघडलंही होतं. पण नजर ताटलीवर गेली. रुमाल आणि दगड. दोन्ही सारखेच. रुमाल सपाट, दगड ओबडधोबड, एवढाच फरक. रंगात काही फरक नव्हता.

माझ्या खिशात पिवळी पेन्सिल होती. मी ती काढून दोघांच्या मध्ये ठेवली.

पेन्सिलही तशीच दिसली.

पांढरा, पिवळा आणि लाल शेजारी शेजारी पडले होते आणि दिवा तिघांनाही एकच नाव देत होता. अकरा वर्षं मी या दिव्याखाली उभी राहून 'लाल आहे' म्हणत होते. माझ्या आधी सर म्हणत होते. इथे लाल नाही असं दिसलंच नसतं. दगडाच्या जागी बटाटा ठेवला असता तरी तो पास झाला असता.

आणि वजन? वजन कशाला बदलेल? चार आणि चार, माणसं तीच.

"काय झालं गं?" आई म्हणाली. "श्वास का थांबवलास?"

"आई, दोन मिनिटं गप्प बस."

"मी काही बोललेच नाही."

मी आतलं दार उघडलं. मग बाहेरचं, हाताच्या रुंदीएवढं. माझ्या टेबलामागच्या उंच खिडकीतून ढगाळ दिवसाचा उजेड येतो, त्याची पट्टी जमिनीवरून सरकत ताटलीवर चढली.

रुमाल पांढरा. पेन्सिल पिवळी.

दगड पेन्सिलीसारखा.

०

वरून फक्त ड्रिलचा आवाज येत होता.

मग आई सावकाश म्हणाली, "हा?"

तिने दगडाकडे बोट केलं.

"ह्यासाठी त्या माणसाने आम्हाला टोमॅटो सुखाने खाऊ दिला नाही?"

"आई, ऐक—"

"पिवळा आहे. माझे डोळे गेलेत, पण इतके नाही गेले." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि ते मला जास्त लागलं. "मी चाळीस वर्षं भांडले त्यांच्याशी, ते गेल्यावरसुद्धा. लोकांना दिला म्हणून भांडले. तो होता तसा नाहीच असं एकदाही मनात आलं नाही. ह्यांना रंग तरी कळत होते का गं? का नुसतं आपलं सांगायचं म्हणून?"

"बाबा खोटं बोलले नाहीत."

"मग हे काय आहे?"

मी दालनाच्या दिव्यांसाठी आणलेलं यंत्र घेऊन आले. मोबाईलएवढं असतं. दिव्याखाली धरलं की त्या उजेडात कुठला रंग किती आहे, त्याचा डोंगर काढून दाखवतं. बाहेरचं दार तेवढ्यापुरतं लावून यंत्र फोटोवाल्यांच्या दिव्याखाली धरलं. लाल डोंगर होता. आणि त्याला चिकटून, एखाद्या लाडावलेल्या मुलासारखा कडेवर बसलेला, जाडजूड नारिंगी डोंगर.

फोटोच्या कागदाला चालणारा लाल वेगळा आणि मनशिळेला चालणारा लाल वेगळा. कागदाला नारिंगीचं काही वाटत नाही, मनशिळेला तेच विष. हे आम्हा दगडवाल्यांना कोणी विचारलं नाही आणि आम्ही फोटोवाल्यांना विचारलं नाही. लाल दिवा म्हणजे लाल दिवा! सरांनी शंभर शाळा या दिव्याखाली उभ्या केल्या आणि प्रत्येकीला सांगितलं, बघा मुलांनो, किती जपतो आम्ही. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि वर कुंपणच दर वर्षी पाहणी करून सांगत होतं, शेत हिरवंगार आहे.

मी हे सगळं आईला सांगितलं. पिंजरे, सुटलेला हात, पाचवा गंधक, सगळं. आवाज चढवून सांगितलं, कारण मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि सर निवृत्त होऊन दुसऱ्या गावी फुलझाडं लावत बसले आहेत.

आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बघून बघून पिवळा केला."

"हो."

"दृष्ट लागली म्हण की मग. एवढी चार आणि चार कशाला?"

मी कपाळावर हात मारला. पण तिचं चुकलंही नव्हतं.

०

याच वेळी संचालक वायरमनला घेऊन खाली आले. चौथऱ्यावरचे दिवे किती उंचीवर लावायचे ते ठरवायला दगडाचं माप हवं होतं. दोन्ही दारं उघडी बघून ते थबकले. मग ताटलीत बघितलं.

"हा कुठला?"

"तोच, साहेब."

"पण पत्रिकेवर लाल आहे!"

"पत्रिका अंधारात ठेवली नव्हती, म्हणून असेल."

"मॅडम, ही थट्टेची वेळ नाही. काही करता येईल का? पॉलिश? नाहीतर थोडा... रंग?"

वायरमनने छताकडे बघितलं. तो भला माणूस आहे, त्याला हसू आवरत नाही.

"रंग लावायचा तर बटाट्याला लावा, साहेब," मी म्हणाले. "चौथऱ्याला तेवढं पुरे."

"आतून कसा आहे?" आईने विचारलं.

आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो. ती स्टुलावर तशीच बसली होती, रुमालाची घडी घालत.

"वरून पिवळा झालाय," ती म्हणाली. "उजेड वरून पडतो ना? मग आतून?"

हे मलाही सुचलं होतं, पण मी ते मनातच दाबून ठेवलं होतं. पिवळी भुकटी स्वतःच उजेड अडवते. वरचा थर जितका पिवळा, तितका आतला भाग सावलीत. आत लाल असू शकतो. नसूही शकतो, चहाडखोर गंधक कुठवर पोहोचलाय कोण सांगणार. पण ते कळायला दगड उघडावा लागतो. आणि उघडला की आतल्या लालवर पहिल्यांदाच उजेड पडतो. म्हणजे जे बाबांच्या शर्टातही कोणी पाहिलं नव्हतं, ते दाखवायचं तर तेही मरायला लागणार.

नुकसान किती खोल गेलं हे तपासायला नमुना उघडायचा अधिकार माझाच आहे. अकरा वर्षांत मी तो वापरला नव्हता.

"उघडा!" संचालक म्हणाले. "उघडा, आणि लाल बाजू पुढे ठेवून—"

"नाही."

"अहो, पण—"

"साहेब, उघडला तरी चौथऱ्यावर जाणार नाही. आणि न उघडला तरी जाणार नाही. हे आपण आता पाचव्यांदा बोलतोय."

मी आईकडे बघितलं. "एकदा उघडला की परत जोडता येत नाही. बाबांचा अख्खा दगड राहणार नाही."

"अख्ख्याचं काय कौतुक," आई म्हणाली. "फोड."

"आतूनही पिवळा निघाला तर?"

तिने मान हलवून माझे डोळे नळीत धरले. "तर तुझ्या बापाला मी वर गेल्यावर विचारीन. पण इथे बसून मनात धरून नाही राहायचं मला. फोड."

०

मनशीळ नखानेही ओरखडते, इतकी मऊ. तिला फोडायला हातोडा लागत नाही, लागतो तो दम. काचेच्या कपाटात, जिथली हवा पंख्याने बाहेर ओढली जाते, तिथे ताटली ठेवली. दगडाच्या पोटावर एक जुनी भेग होती. मी आईला हातमोजे घातले, नाकातोंडावर मास्क बांधला.

"तोंडाला फडकं बांधलंस. आता बँक लुटायची का?"

"बोलू नकोस, मास्क सरकतो."

"आयुष्यभर हेच."

संचालक आणि वायरमन दाराशी उभे होते. मी लाल दिवा बंद केला. उंच खिडकीतला तो मवाळ उजेड पुरेसा होता, थोड्या मिनिटांनी फार काही बिघडत नाही. हा हिशेब मी बाकी कोणासाठी केला नसता, आणि संचालकांना ते कळत होतं. दगडावर पाण्याचा हलका फवारा मारला, म्हणजे भुकटी उडणार नाही. पातं भेगेवर ठेवलं. लाकडी मोगरीने टक केलं. काही झालं नाही. परत टक. पिवळ्या कडा गळून ताटलीत पडल्या. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता आणि मागून संचालक म्हणत होते, "जरा डावीकडे घेतलंत तर..."

"साहेब, तुम्ही घेता का?"

"नाही नाही. सहज म्हटलं."

तिसऱ्या टकेला दगड आपणहून, काही आवाज न करता, दोन बाजूंना झाला.

पिवळी साल. तिच्या आत नारिंगी रेघ, बोटाच्या नखाएवढी जाड. आणि तिच्या आत.

मला इथे उपमा द्यायची नाही. बाबांनीही कधी दिली नाही. ते फक्त म्हणायचे, तुम्हाला ठाऊक नाही.

आईने काचेला कपाळ टेकवलं. मान डावी-उजवीकडे झाली आणि थांबली. मास्कच्या वर तिचे डोळे काहीच करत नव्हते, नुसते उघडे होते. वायरमन कधी पुढे आला कळलं नाही. तो हळूच म्हणाला, "आई शप्पथ!"

"होता खरा लाल," आई म्हणाली.

एवढंच. माफी वगैरे तिच्या स्वभावात नाही.

मी घड्याळ बघत नव्हते. मी ठरवलं होतं की तिला हवं तेवढा वेळ द्यायचा. गंधकाला जिकडे जायचं तिकडे जाऊ दे. पण तिनेच कपाळ काचेवरून काढलं.

"झाक आता."

"बघ की अजून. थोड्या वेळाने काही होत नाही."

"बघून झालं. झाक."

"आजी, एकच मिनिट," संचालक मागून म्हणाले, "मला फोटो—"

"साहेब," आई वळली आणि त्यांना नळीत पकडलं, "झालं म्हटलं ना."

अकरा वर्षं मी या खोलीत लोकांना 'आता पुरे' म्हणून सांगत आले. कोणी ऐकलं नाही. पुरे असं आपणहून म्हणणारं हे पहिलंच माणूस निघालं.

०

दोन्ही तुकडे काळ्या डब्यात गेले. डबा उघडायची रीत मला आता नव्याने घालायची आहे. त्यात दिवा नसेल.

गळलेली पिवळी साल काचेखाली चौथऱ्यावर ठेवली. तिला उजेडाचं भय उरलेलं नाही. संचालक दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मुलांना ते स्वतःच सांगताना ऐकलं, "आणि मग तो चहाडखोर गंधक शेजारच्या घरी जातो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गंधकाचा एक अणू त्यांनी ऑक्सिजनमध्ये मिसळून टाकला होता, पण किती वेळा डोकं फोडायचं?

वायरमन शिडीवर चढून फोटोवाल्यांचा दिवा काढत होता.

"ताई, हा वर माळ्यावर ठेवू?"

"टाकून द्या."

"टाकून?" त्याने दोनदा विचारलं. आमच्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही.

"टाकून."

आई घरी गेली ती मागच्या सीटवर मास्क तसाच गळ्यात ठेवून. दादाने विचारलं, कसा होता गं दगड? ती म्हणाली, "तुला ठाऊक नाही."

दगड संग्रहालयाला दिला त्या वर्षी आम्ही खाणीच्या वसाहतीत एका खोलीत राहत होतो, आणि त्या खोलीला तीन मोठ्या खिडक्या होत्या; अंधारा कोपरा एकही नव्हता.